गाय दिली, वैरणीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च महिना लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एक ठरावीक छायाचित्र वरचेवर दिसू लागते. मागे फ्लेक्स, पुढे ओळीने मांडलेल्या नव्या व्हीलचेअर, त्यांत बसवलेली मुले आणि मुलांच्या मागे उभे असलेले पाहुणे. अशा छायाचित्रात मी स्वतः दोनदा उभा राहिलो आहे, दोन्ही वेळा अगदी कडेला, हातात पोचपावत्यांचे रजिस्टर घेऊन. त्यामुळे हे पत्र देणाऱ्यांची टवाळी करण्यासाठी लिहिलेले नाही. छायाचित्र काढून झाल्यावर आणि पाहुण्यांच्या गाड्या घाट चढून गेल्यावर त्या साहित्याचे पुढे काय होते, हे खजिनदार म्हणून मला पाहावे लागते. ते वाचकांपुढे आणि जमले तर देणगीदारांपुढे यावे, एवढ्यासाठी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात नेहमीपेक्षा थोडी अधिक जागा मागतो आहे.

बँकेतली नोकरी संपवून मी गावी परतलो आणि गेली नऊ वर्षे गुहागर तालुक्यातल्या एका लहान सार्वजनिक न्यासाचे हिशेब पाहतो आहे. उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची आणि पश्चिमेला समुद्र अशा या तालुक्यातून रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर एकतर चिपळूणचा वळसा घ्यायचा, नाहीतर तवसाळला फेरीबोटीत बसून जयगडला उतरायचे आणि पुढची गाडी शोधायची. धडधाकट माणसाचा यात दिवस जातो. आमच्या न्यासातर्फे आठवड्यातून दोन दिवस अपंग मुलांसाठी केंद्र चालते. पटावर एकोणीस मुले आहेत. बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणे, आहे, काहींना बौद्धिक अपंगत्व आहे, दोघांना ऐकू येत नाही. पट घटल्यामुळे बंद झालेल्या एका शाळेची खोली आम्हाला वापरायला मिळाली आहे. मुले कमी झाली म्हणून शाळा मिटली आणि जी मुले कुठल्याच शाळेच्या पटावर धड नव्हती त्यांना तिच्यात जागा झाली, हा योगायोग मला दर वेळी कुलूप उघडताना जाणवतो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे ज्याला आता खेड्यातसुद्धा सगळे सीएसआर म्हणतात त्यातून, आमच्या केंद्राला साहित्य मिळाले. चालण्याच्या सरावासाठी समांतर दांड्या, स्नायूंना विजेचे सौम्य झटके देणारे यंत्र, व्यायामाची मोठी गादी आणि सहा व्हीलचेअर. आम्ही प्रस्तावात यातले फक्त दांड्या आणि गादी मागितली होती. मुख्य मागणी होती ती फिजिओथेरपिस्टच्या तीन वर्षांच्या पगाराची आणि मुलांना वाडीवरून आणण्या-नेण्याच्या रिक्षाभाड्याची. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी फोनवर अत्यंत सौजन्याने सांगितले की, वस्तू कितीही मागा, पण पगार आणि भाडे हा आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा, खर्च असल्याने तो आम्हाला चालत नाही. आम्ही निमूटपणे होकार दिला. मिळते आहे ते नाकारले तर पुढच्या वर्षी दार बंद होईल, ही भीती लहान संस्थांच्या हाडीमांसी खिळलेली असते.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत असे म्हणतात, आणि आम्हीही ते मोजले नाहीत. पण गाय दारात आली की तिला रोज वैरण लागते, हे दात न मोजताही कळते. ते यंत्र हाताळणारा प्रशिक्षित माणूस आमच्याकडे नव्हता. चिपळूणहून एक डॉक्टर ताई पंधरा दिवसांनी एकदा स्वखर्चाने येत, त्या आल्या की यंत्राचे आवरण निघे. समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते आणि खिडकीचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागतात, तिथे न वापरलेले यंत्र फार काळ तग धरत नाही. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला आम्ही त्याची पूजा केली तेव्हा ते चालत नव्हते. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार आणि त्याचा येण्याजाण्याचा खर्चही पुन्हा आवर्ती. ताळेबंदात मात्र ते यंत्र स्थावर-जंगम मालमत्तेच्या यादीत घसारा वजा करून अजून उभे आहे.

व्हीलचेअरची गोष्ट याहून साधी आणि म्हणून अधिक लाजिरवाणी आहे. ज्यांनी कोकणातली वाडी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की, इथे घर आणि रस्ता यांच्यामध्ये पाखाडी असते. जांभ्या दगडाच्या ओबडधोबड पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, पावसात त्यांच्यावर शेवाळ. आमच्या पटावरच्या एका अकरा वर्षांच्या मुलाचे घर रस्त्यापासून साठेक पायऱ्या वर आहे. त्याला मिळालेली व्हीलचेअर त्याच्या बापाने आणि काकाने उचलून घरी नेली, आणि त्या दिवसापासून ती पडवीत उभी आहे. गेल्या वेळी गेलो तेव्हा तिच्यावर नारळाची सोडणे वाळत घातलेली होती. मुलाची आई आजही त्याला पाठीवर घेऊन पाखाडी उतरते. तिला कोणी विचारले असते तर तिने रस्त्यापाशी ठरलेल्या वेळी येणारी रिक्षा मागितली असती आणि पाखाडीला एका बाजूने धरायला लोखंडी दांडा मागितला असता. वाटपाच्या यादीत मात्र या दोन्हींसाठी रकाना नव्हता. सपाट रस्त्यांच्या शहरात बसून ठरवलेली यादी डोंगरउतारावर आली की असे होते, आणि यात कोणाचा हेतू वाईट असतो असेही नाही.

वस्तूंइतकेच प्रेम एक दिवसाच्या शिबिरावर असते. शिबिराला माझा सरसकट विरोध नाही, मोतीबिंदू शोधायला किंवा रक्तदाब तपासायला शिबिर उपयोगी पडते. पण वाकड्या पायाने जन्मलेल्या बाळाचे उदाहरण घ्या. आता सर्वत्र रूढ झालेल्या पॉन्सेटी पद्धतीने त्याच्यावर उपचार करायचे तर आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा वेळा प्लास्टर बदलावे लागते, बहुतेकदा टाचेमागच्या कंडरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीवर, एक छोटा छेद घ्यावा लागतो, आणि त्यानंतर तीन महिने जवळजवळ दिवसभर व पुढे मूल चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना खास बूट आणि त्यांना जोडणारी पट्टी घालावी लागते. बूट घालणे मध्येच सोडले की पाय पुन्हा वाकतो. हे अवघड शास्त्र नाही. कोणीतरी चार वर्षे त्या घरी जात राहणे, बूट लहान झाला का ते पाहणे आणि रडणाऱ्या मुलाला बूट नको म्हणणाऱ्या आजीची समजूत काढणे हेच त्यातले मोठे काम. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे स्नायू तर एका पावसाळ्यात आखडतात. जून ते सप्टेंबर रिक्षा बंद राहिली आणि मुले केंद्रावर आली नाहीत, तर ऑक्टोबरात आम्ही मागच्या ऑक्टोबरपाशी असतो. मूल वाढते तसे पायाला आधार देणारे कॅलिपर बदलावे लागतात, श्रवणयंत्राला बॅटरी लागते, कानातला साचा दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो. यातला प्रत्येक खर्च लहान आहे आणि प्रत्येक आवर्ती आहे.

हा ‘आवर्ती खर्च चालत नाही’ नियम आला कुठून, याचा शोध मी माझ्या जुन्या नोकरीच्या सवयीने घेतला. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ आणि त्याखालचे नियम मी कागदावर काढून वाचले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, हे सर्वांना माहीत असते. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये, हेही माहीत असते आणि पगाराला नकार देताना बहुतेक अधिकारी याच मर्यादेकडे बोट दाखवतात. पण जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्या दिली आहे. कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारासाठी केलेला खर्च म्हणजे प्रशासकीय खर्च, आणि एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख व मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्यात धरायचा नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. अपंग मुलांना व्यायाम देणे हाच प्रकल्प असेल, तर व्यायाम देणाऱ्या माणसाचा पगार अंमलबजावणी नव्हे तर काय? तो पाच टक्क्यांत कोंबण्याचे कारण कायद्यात नाही.

दुसरा गैरसमज ३१ मार्चचा. पैसे मार्चअखेर संपलेच पाहिजेत, म्हणून जानेवारीत प्रस्ताव मागवायचे, फेब्रुवारीत मंजूर करायचे आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ‘लवकर बिले पाठवा’ असे फोन करायचे, हा शिरस्ता झाला आहे. कायदा मात्र बहुवर्षीय प्रकल्पाला मुभा देतो. प्रकल्प सुरू झाला ते आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे तो चालवता येतो. त्या वर्षी न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढच्या तीन वर्षांत वापरायची, अशी सोय आहे. म्हणजे एका फिजिओथेरपिस्टला जवळजवळ चार वर्षांची हमी द्यायला कंपनीला कायद्याची आडकाठी नाही. उलट केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मधल्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात यांसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाणार नाही, असे बजावले होते. जे कायद्याला नको ते आम्ही सगळे मिळून उत्साहाने करतो आणि ज्याला कायदा वाट करून देतो ते आम्हाला अशक्य वाटते. यामागे माझ्या मते एक साधे कारण आहे. वस्तूचे बिल एका कागदावर येते आणि तिचे छायाचित्र निघते. पगाराचे बारा महिन्यांचे बारा कागद होतात आणि छायाचित्रात एक बाई एका मुलाचा पाय धरून बसलेली दिसते, दर महिन्याला तीच बाई आणि तोच पाय.

परदेशी देणग्यांचे दार आमच्यासारख्यांना पूर्वीही फारसे उघडे नव्हते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्था परदेशातून आलेल्या निधीतला थोडा भाग गावपातळीवरच्या संस्थांना देत, तेवढाच काय तो संबंध. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी योगदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण मनाई आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. गैरव्यवहार रोखण्याचा त्यामागचा हेतू असेल, पण जी संस्था नऊ हजारांच्या शिलकीवर वर्ष काढते तिला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडून स्वतंत्र नोंदणी करणे झेपणारे नाही. तो विषय मी इथेच सोडतो.

वेळापत्रकाबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण यात पैसा लागत नाही, केवळ पंचांग पाहावे लागते. मार्चमध्ये कोकणात शिमगा असतो. पालख्या घरोघर फिरत असतात, मुंबईचे चाकरमानी आलेले असतात आणि गावातला प्रत्येक हातपाय धड असलेला माणूस मानकरी तरी असतो किंवा ढोलावर तरी. त्याच सुमारास आंब्याची तोडणी सुरू होते आणि ती मेअखेरपर्यंत बायकामाणसांना पॅकिंगच्या शेडमधून उठू देत नाही. नेमक्या या दिवसांत आरोग्य शिबिरे आणि युवकांची प्रशिक्षणे लावली जातात आणि मग लोकांमध्ये जागृती नाही, असा अहवाल लिहिला जातो. मच्छीमार वस्त्यांची गत याहून विचित्र आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. वर्षभर पहाटे समुद्रावर असणारा पुरुष या दोन महिन्यांत घरी सापडतो, जाळी विणत आणि होड्यांना रंग काढत. त्याचा रक्तदाब, साखर, तंबाखूने सोललेली गालफडे आणि डोळ्यांवर वाढलेला पडदा तपासायचा तर हाच काळ. पण जून-जुलैमध्ये नवे आर्थिक वर्ष नुकतेच सुरू झालेले असते, कंपन्यांच्या समित्यांच्या बैठका व्हायच्या असतात, आणि शिवाय कोकणात पाऊस असतो, पाहुणे येत नाहीत. नऊ वर्षांत आमच्या खाडीपट्ट्यात पावसाळ्यात झालेले एकही देणगीचे शिबिर मला आठवत नाही. आंबा बागांमध्ये राखणीला आणि नौकांवर खलाशी म्हणून आलेल्या नेपाळी कामगारांचा तर कुठल्याच यादीत पत्ता नसतो.

आता युवकांविषयी. अनुदानाच्या अर्जात ‘युवा सहभाग’ असा एक रकाना हल्ली हटकून असतो, आणि तो भरताना माझी लेखणी अडते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही याच काळात सुमारे एकोणीस हजारांनी घटली. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना आमच्या दोन जिल्ह्यांची कमी झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या, त्याचा अर्थ मुलींचे लाड होतात असा नसून पुरुष मुंबईला आहेत असा आहे. जे वीस-बावीस वर्षांचे तरुण गावात उरले आहेत ते कुणी वडाप चालवतात, कुणी कलमांना फवारणी करतात, बाकीचे भरतीची वाट पाहतात. त्यांना सेवाभाव नाही असे म्हणणाऱ्यांनी जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा गळ्याइतक्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढणारे कोण होते ते आठवावे. उणीव आहे ती सेवेला पोटापाण्याशी जोडण्याची.

राष्ट्रीय सेवा योजनेत, जी १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे, विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे असते. आमच्या भागात ही मुले येतात, पोत्यांत माती भरून वनराई बंधारे बांधतात, एक संध्याकाळ पथनाट्य करतात आणि परत जातात. त्याच १२० तासांतले साठ तास एका मुलीने आमच्या केंद्रातल्या एकाच मुलासोबत घालवावेत, अशी विनंती आम्ही एका महाविद्यालयाला केली होती आणि ती मान्य झाली. चार विद्यार्थिनी वर्षभर आल्या. त्यांतली एक आता विशेष शिक्षणाची पदविका करते आहे. तिने ती पुरी करून आमच्याकडे परत यावे अशी आमची इच्छा आहे, पण तिला द्यायला आमच्याकडे पगार नाही, हे तिला आणि आम्हाला दोघांनाही माहीत आहे. युवा प्रकल्पासाठी टी-शर्ट, टोप्या आणि प्रमाणपत्रे यांचे अंदाजपत्रक चुटकीसरशी मंजूर होते. एका तरुणीला गावात ठेवणारे मानधन मंजूर होत नाही. आणि ओघात आले म्हणून सांगतो, आमच्याच पंचक्रोशीत रात्रीच्या प्रकाशझोतातल्या क्रिकेट स्पर्धेच्या चषकासाठी आणि रोख बक्षिसांसाठी जितकी वर्गणी आठ दिवसांत गोळा होते तितकी आमच्या केंद्राला वर्षभरात मिळत नाही. त्या स्पर्धेत मीही समालोचन ऐकत रात्री बारापर्यंत बसतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

देणगीदारांवर एवढे बोट रोखल्यावर स्वतःकडे वळलेली तीन बोटे लपवणे बरोबर होणार नाही. कोकणातल्या अनेक न्यासांची कागदपत्रे पाहिली की देणारा का बिचकतो ते समजते. विश्वस्त मयत होऊन दहा वर्षे झालेली असतात आणि नोंदणीपुस्तकात अजून त्यांचेच नाव असते. विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिला जात नाही, किंवा दोन गट एकमेकांविरुद्ध हरकती घेऊन तो वर्षानुवर्षे लोंबकळत ठेवतात. लेखापरीक्षण होते, पण अहवाल कपाटात राहतो. सीएसआर निधी घ्यायचा तर एप्रिल २०२१ पासून संस्थेने केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, संस्थेच्या आणि देणगीदाराच्या आयकर सवलतीसाठीच्या नोंदण्या वेळेवर नव्या कराव्या लागतात. आमच्या तालुक्यातल्या एका चांगल्या कामाला केवळ एक मुदत हुकल्यामुळे वर्षभर निधी मिळाला नाही. आमचीही एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही एकाच वर्गाचे छायाचित्र दोन वेगवेगळ्या देणगीदारांना पाठवले होते. पैशाचा गोंधळ काडीचा नव्हता, पण एकाने ते दुसऱ्याच्या अहवालात पाहिले आणि दोघांनीही पुढे पाठ फिरवली. तेव्हापासून प्रत्येक देणगीची वही मी वेगळी ठेवतो आणि ती कोणीही, गावातल्या कोणत्याही बाईने येऊन पाहावी म्हणून केंद्राच्या खिडकीत दोरीने बांधून ठेवली आहे. आजवर तिघांनी ती उघडली. त्यातल्या एका आजींनी खडूच्या खर्चात सात रुपयांची चूक काढली.

कोकणात टिकलेली कामे पाहिली तर ती माणसांवर टिकली आहेत, हे ध्यानात येते. इंदिराबाई हळबे म्हणजे सर्वांच्या मावशी, यांनी १९५४ साली देवरुखला मातृमंदिराचे काम सुरू केले ते एका छोट्या प्रसूतिगृहापासून, आणि त्या स्वतः तिथे राहिल्या म्हणून ते वाढले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि एकेकाळी कोकणात विंचू चावलेल्या मुलाच्या जिवाची आशा सोडली जात असे, ते चित्रच बदलले. त्यासाठी कुठली मोठी यंत्रसामग्री लागली नव्हती. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी घेणारा एक डॉक्टर लागला होता. कुडाळ तालुक्यात अपंगांसाठी काम करणाऱ्या नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्वप्ननगरीत अपंग माणसे काजू प्रक्रियेचे काम करून स्वतःच्या कमाईवर जगू लागली. तिथे यंत्रे आली ती काम आधी ठरले म्हणून, यंत्रे आली म्हणून काम शोधावे लागले नाही. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

सरकारी वाटाही आहेत, पण त्या अरुंद आहेत. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली होती, आणि ती नव्या प्रकारांची भर पडण्याआधीची आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. पण ज्या ग्रामपंचायतीचे घरपट्टी-पाणीपट्टी धरून उत्पन्न चार लाख आहे तिचे पाच टक्के वीस हजार होतात, आणि ते मार्चअखेर दहा जणांत वाटून मोकळे होतात. आमची सूचना अशी आहे की, एका खाडीपट्ट्यातल्या दहा-बारा ग्रामपंचायतींनी ही रक्कम एकत्र करून एका फिरत्या थेरपिस्टच्या मानधनाला लावावी, कमी पडेल ते कंपनीने किंवा न्यासाने घालावे. गटविकास अधिकाऱ्यांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, पण अशी रक्कम एकत्र खर्च करण्याची तरतूद शोधावी लागेल असे सांगितले. ती शोधली जावी म्हणूनही हे पत्र आहे.

शेवटी आम्हाला मिळालेल्या सर्वांत लहान अनुदानाचा उल्लेख करतो. आमच्या गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने, जे परळच्या एका चाळीतल्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमते, तीन वर्षांपूर्वी ठराव केला की केंद्राच्या रिक्षाचे भाडे मंडळ देईल. प्रस्ताव नाही, प्रकल्प अहवाल नाही. मंडळाचे सचिव दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडे थेट रिक्षावाल्याच्या खात्यात जमा करतात आणि शिमग्याला गावी आले की एक दिवस स्वतः त्या रिक्षात बसून सगळ्या वाड्यांवर फिरतात. गेल्या तीन पावसाळ्यांत रिक्षा फक्त अकरा वेळा चुकली, त्यातल्या सहा वेळा साकवावरून पाणी जात होते. पाखाडीवरचा तो अकरा वर्षांचा मुलगा या वर्षी समांतर दांड्या धरून सात पावले चालला. त्याच दांड्या, ज्या कंपनीने दिल्या होत्या. त्यासाठी त्या कंपनीचे मी मनापासून आभार मानतो आणि थेरपिस्टच्या पगाराचा आमचा अर्ज, तिसऱ्यांदा, या महिन्यात त्यांच्याकडे पुन्हा पाठवला आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या मार्चमध्ये साहित्य वाटपाचे छायाचित्र छापाल तेव्हा मागच्या मार्चमध्ये जिथले छापले होते तिथे आपला वार्ताहर पाठवावा. आमच्याकडे यायचे असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दहाच्या पुढे यावे, वही खिडकीतच आहे.

आपला,
एका सार्वजनिक न्यासाचा खजिनदार
ता. गुहागर, जि. रत्नागिरी